बाटली चांगली की टेट्रा पॅक? सांगवीत विचारून बघा

हापिसातल्या कँटीनमध्ये हल्ली एक नवं सोवळं-ओवळं निघालंय. ज्यूसची प्लास्टिकची बाटली हातात दिसली की लोक असं बघतात की जणू आपण मंदिरात चपला घालून शिरलोय. टेट्रा पॅकवाला मात्र पुण्यवान! का, तर ते कागदाचं असतं, त्यावर एखादं हिरवं पान छापलेलं असतं आणि कोपऱ्यात ‘रिसायकलेबल’ असं लिहिलेलं असतं. संपला विषय. स्ट्रॉ टोचा आणि पृथ्वी वाचवा.

माझं म्हणणं अगदी सरळ आहे. एखादी वस्तू रिसायकल ‘होऊ शकते’ याला माझ्या लेखी शून्य किंमत आहे. वापरून झाल्यावर तिच्यासाठी कोण पैसे मोजतो, यावर सगळं ठरतं. या परीक्षेत आमच्या सांगवीत टेट्रा पॅक सपशेल नापास आहे आणि बाटली काठावर पास. आणि खरं म्हणजे ही परीक्षा आपण चुकीच्या माणसांची घेतोय, पण त्याकडे नंतर येतो.

सांगवी म्हणजे औंधच्या पलीकडची नव्हे हो. पुण्यात सांगवी म्हटलं की सगळ्यांना तीच आठवते. आमची सांगवी बारामती तालुक्यातली, फलटण रस्त्यावरची, नीरा नदीच्या काठची. नदी ओलांडली की सातारा जिल्हा. चहूबाजूंनी ऊस आणि घरटी दोन-चार गायी.

आधी टेट्रा पॅकची बाजू मांडतो, कारण ती खरंच दमदार आहे. (टेट्रा पॅक हे कंपनीचं नाव, पण आपण जसं सगळ्याच वनस्पती तुपाला डालडा म्हणतो, तसंच हेही.) १९५१ साली स्वीडनमध्ये रुबेन राउझिंगनं ही कंपनी काढली. आपल्याकडे १९८५ मध्ये फ्रूटी आली आणि तेव्हापासून हे खोकं आपल्या ओळखीचं झालं. त्याच्या भिंतीत सहा थर असतात. साधारण पाऊण भाग पुठ्ठा, वीसेक टक्के पॉलिथिन आणि पाचेक टक्के ॲल्युमिनियमचा वर्ख. पुठ्ठा आकार देतो, पॉलिथिन ओल अडवतं, वर्ख उजेड आणि हवा अडवतो. त्यामुळे आतलं दूध फ्रिजशिवाय काही महिने टिकतं. ज्या गावात भारनियमन नावाचा पाहुणा न सांगता येतो, तिथं ही छोटी गोष्ट नाही. नासलेलं दूध हाही पर्यावरणाचा तोटाच आहे.

शिवाय युरोपातले बरेच तुलनात्मक अभ्यास सांगतात की एकदा वापरून टाकायच्या पेट बाटलीपेक्षा कार्टनचा कार्बनचा हिशोब बरा निघतो. पुठ्ठा झाडापासून होतो, प्लास्टिक खनिज तेलापासून, हे त्यामागचं मुख्य कारण. यातले कित्येक अभ्यास कार्टन उद्योगाच्याच पैशानं झालेत हे खरं, पण म्हणून मी ते खोटे म्हणणार नाही. मी एवढंच म्हणेन की त्या हिशोबात गृहीत धरलेला कचऱ्याचा डबा युरोपातला आहे, सांगवीतला नाही. आपल्या धंद्यातल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. डेव्हलपरच्या मशीनवर चालणारा प्रोग्रॅम क्लाएंटकडे गेला की का झोपतो, हे आपण रोज बघतो.

आता हे खोकं रिसायकल कसं होतं? पेपर मिलमध्ये मोठ्या मिक्सरसारख्या टाकीत पाण्यात घुसळतात. पुठ्ठ्याचा लगदा होऊन सुटा होतो. तो लगदा चांगला असतो, धागा लांब असतो, त्यामुळे मिलला हवाच असतो. मागे उरतं पॉलिथिन आणि ॲल्युमिनियमचं एकमेकांना चिकटलेलं मिश्रण. ते गरम करून दाबलं की पत्रे, फळ्या, बाकडी होतात. पालघर जिल्ह्यात हे काम करणारा कारखाना आहे. मुंबईत लोकांनी दुकानात जमा केलेल्या खोक्यांपासून शाळांसाठी बाकं बनवायचा उपक्रमही झालाय. म्हणजे ‘टेट्रा पॅक रिसायकल होतच नाही’ म्हणणारे व्हॉट्सॲपचे विद्वानही चूकच. होतं की! फक्त आमच्याकडून पालघर तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे.

आणि इथेच गाडी अडते. २०० मिलीचं रिकामं खोकं भरतं साधारण आठ-दहा ग्रॅम. एक किलो व्हायला शंभरेक खोकी गोळा करायची, तीही आत उरलेल्या ज्यूसला मुंग्या लागायच्या आत. मग ती दाबून, गाडीभर साठवून तीनशे किलोमीटर पाठवायची. कोण पाठवेल? सायकलला पोती बांधून फिरणारा भंगारवाला गावात येतो तेव्हा तो लोखंड, पत्रा, पुठ्ठा, वह्या-पुस्तकं, बाटल्या सगळं घेतो. खोकं पुढं केलं की मान हलवतो. त्याला पर्यावरणाचं ज्ञान नाही म्हणून नव्हे, तर पुढच्या गोडाऊनवाला ते घेत नाही म्हणून. साखळीत एक माणूस जरी पैसे देणारा नसला तरी साखळी तुटते.

पेट बाटलीची गोष्ट उलटी आहे. ती एकाच जातीच्या प्लास्टिकची असते. तुकडे करून पाण्यात टाकले की पेट तळाशी बसतं आणि झाकणाचे तुकडे वर तरंगतात. इतकी सोपी विभागणी! धुतलेल्या चुऱ्यापासून पॉलिस्टरचा धागा होतो. तुमच्या उशीत, ब्लँकेटमध्ये, कदाचित टी-शर्टमध्येही कुणाची तरी जुनी बिसलेरी आहे. पुण्याच्याच एनसीएलच्या अभ्यासात देशातल्या पेटपैकी सुमारे ९० टक्के माल रिसायकल किंवा घरगुती वापरात जातो असं निघालं होतं. त्यात पेट उद्योगाच्या संघटनेचा सहभाग होता, तेव्हा आकडा जरा हात राखूनच घ्या. पण वीस टक्के कमी धरला तरी बाटलीला बाजार आहे हे खरंच. भाव वर-खाली होतो, पण भाव असतो.

याची परीक्षा बघायची असेल तर आषाढात या. तुकोबारायांची पालखी बारामतीहून काटेवाडीमार्गे पुढे इंदापूरकडे जाते. वाटेत गावोगावची मंडळं वारकऱ्यांना पाणी, चहा, बिस्किटं, कुणी ज्यूस वाटतात. पालखी पुढे सरकली की मागून पोती घेऊन बायाबापड्या येतात आणि बाटल्या वेचतात. सुटाबुटातल्या कुठल्याही ‘अवेअरनेस ड्राइव्ह’शिवाय. आठवड्यानं त्याच रस्त्याच्या कडेला काय उरलेलं असतं? चहाचे कप, बिस्किटांचे चकचकीत कागद आणि चेपलेली खोकी. ज्याला भाव होता ते गेलं, ज्याला नव्हता ते राहिलं. यापेक्षा प्रामाणिक सर्वे मला तरी माहीत नाही.

उरलेल्याचं पुढे काय होतं? पेटवतात. उसाच्या फडात पाचट पेटवायची सवय आहेच, त्यात हेही जातं. पुठ्ठा जळतो, पॉलिथिन काळा धूर सोडून जळतं आणि वर्खाचे तुकडे मातीत राहतात. नाहीतर ओढ्यात, ओढ्यातून नीरेत. आधीच त्या नदीला सांडपाण्यानं काय दिवस आणलेत ते नदीकाठच्यांना विचारा. म्हणजे कागदोपत्री ‘हिरवं’ असलेलं खोकं आमच्याकडे धूर बनतं, आणि बदनाम बाटली तेवढी धाग्याच्या कारखान्याकडे निघते.

तुम्ही म्हणाल, लोकांना शिस्त नाही, जनजागृती पाहिजे. हा युक्तिवाद ऐकला की माझं डोकं फिरतं. अहो, शिस्त म्हणजे काय? खोकं धुऊन, सुकवून, चपटं करून माझ्या आत्यानं घरात वर्षभर साठवलं, तर पुढे ती ते देणार कुणाला? पुण्यात आपल्या दारात ‘स्वच्छ’च्या ताई येतात. कचरावेचकांची ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेबरोबर काम करतेय. त्या वर्गीकरण करतात, म्हणून आपण शिस्तीचे ठरतो. शिस्त आपली नाही, ती त्यांची मेहनत आहे. आपण फक्त दोन डबे ठेवलेत.

कायद्याचं काय? कायदा आहे. २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांनी ग्रामपंचायतींनाही कक्षेत घेतलं. २०२२ मध्ये उत्पादकांच्या जबाबदारीची नवी चौकट आली. कंपनीनं जितकं प्लास्टिक बाजारात आणलं, त्याच्या हिशोबानं तितकं रिसायकल झाल्याची प्रमाणपत्रं दाखवायची. ऐकायला झकास. पण प्रमाणपत्र देशात कुठूनही विकत घेता येतं. मुंबई-पुण्याचा सोपा, एकगठ्ठा कचरा दाखवून टार्गेट पुरं होत असेल, तर सांगवीचं खोकं उचलायला गाडी कोण पाठवेल? एक्सेल शीटमध्ये बेरीज बरोबर येते, ओढ्यात खोकी तशीच.

आणि त्याच वर्षीची आणखी एक गंमत. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या स्ट्रॉवर बंदी आली. खोक्याला चिकटलेल्या त्या इवल्याशा स्ट्रॉसाठी केवढा गदारोळ! अमूलनं तर मुदत वाढवून द्या म्हणून थेट पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं. शेवटी स्ट्रॉ कागदाची झाली. सहा थरांचं खोकं जसंच्या तसं, त्याला टोचायची काडी तेवढी पर्यावरणपूरक. हत्ती गेला आणि शेपूट धरून बसलो.

बाटलीवाल्यांनीही फार खूश होऊ नये. बाटलीचा धागा झाला की तो परत बाटली होत नाही. पुढची बाटली पुन्हा नव्या प्लास्टिकचीच. २०२२ च्याच नियमांनी २०२५-२६ पासून अशा कडक प्लास्टिकच्या वेष्टनात ३० टक्के रिसायकल केलेला माल असावा असं लक्ष्य ठरवलं, ते यासाठीच. शिवाय बाटली गोळा होते ती कंपनीच्या कृपेनं नाही. उन्हात रस्त्यावर वाकून वेचणाऱ्या बाईच्या कंबरेवर ती सगळी यंत्रणा उभी आहे. तिला ना पगार, ना हातमोजे. काठावर पास म्हणालो ते म्हणूनच.

मग करायचं काय? नवीन शोध लावायची गरजच नाही. तिशी ओलांडलेल्या सगळ्यांना आठवत असेल, थम्स अपची काचेची बाटली दुकानातच पिऊन परत द्यावी लागायची. घरी न्यायची तर डिपॉझिट ठेवा. कंपनीची गाडी भरलेले क्रेट टाकायची आणि रिकामे क्रेट घेऊन जायची. सांगवीतल्या दुकानदारालाही हे जमत होतं, कुठल्याही ॲपशिवाय! आजही ज्यूसची गाडी गावातल्या किराणा दुकानापर्यंत भरून येते आणि रिकामी परत जाते. त्या रिकाम्या गाडीत चपट्या खोक्यांचं एक पोतं मावणार नाही?

जर्मनीनं २००३ पासून एकदा वापरायच्या बाटल्या-कॅनवर डिपॉझिट लावलं. आता त्यातल्या जवळजवळ सगळ्या परत येतात. परदेशी उदाहरण नको असेल तर तमिळनाडू घ्या. निलगिरीत २०२२ पासून दारूच्या बाटलीवर दहा रुपये जास्त घेतात आणि बाटली परत केली की देतात. गोव्यानं २०२४ मध्ये डिपॉझिट परत देण्याची योजना अधिसूचित केली. आणि आपण? आपण तर सगळ्यांच्या आधी! २३ मार्च २०१८ च्या महाराष्ट्राच्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत पेट बाटलीमागे एक-दोन रुपये आणि दुधाच्या पिशवीमागे ५० पैसे परत देण्याची तरतूद होती. आठवतंय कधी कुणी तुम्हाला पन्नास पैसे परत दिलेले? मलाही नाही. जून २०१९ मध्ये तेव्हाचे पर्यावरण मंत्री रामदास कदम यांनी राज्यात रोज एक कोटी दुधाच्या पिशव्या फेकल्या जातात असं सांगून ही योजना पुन्हा जाहीर केली. तरतूद कागदावर राहिली, पिशव्या रस्त्यावर.

बारामती-इंदापूर हा पट्टा दुधाचा. नंदन, सोनाई, श्रायबर डायनॅमिक्स ही सगळी नावं इथलीच. ज्या भागात दूध गोळा करायला रोज सकाळ-संध्याकाळ गल्लीपर्यंत माणूस पोचतो, लिटर-फॅटचा हिशोब पैशापर्यंत चोख होतो, तिथं रिकाम्या पिशवीचा आणि खोक्याचा हिशोब जमत नाही, असं मला कुणी सांगू नये. जमत नाही असं नाही. कुणी भाग पाडलेलं नाही.

तोवर तुमच्यापुरता सोपा नियम. पुण्यात असाल तर बाटली घ्या नाहीतर खोकं, पण खंगाळून, चपटं करून सुक्या कचऱ्यात द्या. गावाकडे निघाला असाल तर खोक्यांचा बॉक्स डिकीत टाकून नेऊ नका, आणि नेलाच तर रिकामी खोकी परत घेऊन या. तिकडे गेल्यावर रसवंतीत काचेच्या ग्लासातून उसाचा रस प्या. आलं-लिंबू घालून, बर्फ कमी.

आणि कंपन्यांना एकच सांगणं. ते हिरवं पान आणि ‘रिसायकलेबल’ हा शब्द पुसा. त्या जागी रिकामं खोकं परत केल्यावर किती रुपये मिळतील तो आकडा छापा. दोन रुपये छापलेत तर सांगवीच्या ओढ्यात पुढच्या पावसाळ्यात एक खोकं दिसणार नाही. शाळेतली पोरंच दिसू देणार नाहीत.