लांब भिंग की जवळची जागा?

अकलूजला नीरेकाठी राहणाऱ्या तुमच्यापैकी एखाद्याला पक्ष्यांची छायाचित्रे घेण्याचा छंद लागला, की घरात पहिला हट्ट होतो तो लांबलचक भिंगाचा. अशा भिंगाची किंमत लाखाच्या घरात जाऊ शकते. वर्षभराच्या उसाच्या बिलातून ती भागवावी काय? माझे मत स्पष्ट आहे: भागवू नये.

थोडे गणित करून पाहू. पक्ष्याच्या लांबीला भिंगाच्या नाभीय अंतराने गुणा आणि पक्षी जितका दूर असेल त्या अंतराने भागा. कॅमेऱ्यात पडणाऱ्या प्रतिमेची लांबी मिळते. खंड्या सुमारे 28 सेंटिमीटर लांब असतो. तो 30 मीटरवर बसला आणि भिंग 300 मिलिमीटरचे असले, तर प्रतिमा भरते अवघी 2.8 मिलिमीटर. साध्या कॅमेऱ्यातील संवेदकाची रुंदी सुमारे 23 मिलिमीटर. म्हणजे तेथे हा ठिपकाच! 600 मिलिमीटरचे भिंग लावले, तर 5.6. पण जुनेच भिंग घेऊन तुम्ही 15 मीटरवर गेलात, तरीही उत्तर 5.6 च येते. शिवाय उन्हाने तापलेली हवा थरथरू लागली, की कितीही महाग भिंग असो, लांबचे चित्र पुसटच येते. मधली हवा कमी, तितके चित्र स्वच्छ.

"पण जवळ गेले की पक्षी उडतो!" असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. तो माणसाला भितो, बैलाला नाही. नांगरामागून गायबगळे किती निर्धास्तपणे चालतात, ते तुम्ही पाहिलेच असेल. इंग्लंडमधील रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी सव्वाशे वर्षांपूर्वी हेच हेरून बैलाच्या कातड्याचा पोकळ बैल तयार केला आणि कॅमेऱ्यासह त्याच्या पोटात शिरून ते छायाचित्रे घेऊ लागले. तुम्हाला एवढा खटाटोप नको. शेतमालकाला विचारून बांधावर गोणपाटाचा आडोसा उभारा, बरोबर घरचे मोठे माणूस घ्या, आणि उजाडण्यापूर्वी आत जाऊन बसा. कॅमेरा हलू नये म्हणून खाली कापडी पिशवी ठेवा. आत ज्वारी भरलेली. (संध्याकाळी ती ज्वारी आईला परत करता येते!)

घरट्याजवळ मात्र आडोसा मुळीच नको. आईबाप बिथरून उठले, की अंडी उन्हात तापतात आणि कावळ्यांचे आयतेच फावते.

मद्रासचे एम. कृष्णन निरनिराळे सुटे भाग जोडून बनवलेल्या कॅमेऱ्याने वन्यप्राण्यांची कृष्णधवल छायाचित्रे घेत. 1970 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तुम्हाला जोडाजोड करावी लागणार नाही. आरसा नसलेले नवे कॅमेरे आल्यापासून आरशाचे चांगले कॅमेरे जुन्या बाजारात बऱ्याच कमी किमतीत मिळतात. त्यातला एक आणि 300 मिलिमीटरपर्यंतचे भिंग घ्या, उरलेल्या पैशांत दुर्बीण. जुने भिंग घेताना ते उजेडासमोर धरून आरपार पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर ती बुरशी आहे. दुकानदार कितीही स्वस्त देवो, ते भिंग परत ठेवा.