प्रयोगशाळेतल्या शिक्षकालाही शिकवा

माध्यमिक शाळेत शिकवायचे तर बी.एड. लागते. आमच्या वेळी ते एका वर्षाचे होते, 2015 पासून दोन वर्षांचे झाले. सराव पाठ, टाचण, निरीक्षकाचे शेरे यांतून गेल्याशिवाय आठवीच्या वर्गापुढेही उभे राहता येत नाही. मात्र बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत मुलांना हाताशी धरणाऱ्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने शिकवण्याचा एक तासही गिरवलेला नसतो. हे मला विचित्र वाटते.

महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून नवे शैक्षणिक धोरण लागू झाले. ती मुले 2027-28 मध्ये चौथ्या वर्षाला पोहोचतील. पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण असतील तर त्यांना 12 क्रेडिटचा संशोधन प्रकल्प घेता येईल. पण तीन वर्षे जर्नल उतरवून काढणारा मुलगा चौथ्या वर्षी अचानक संशोधक कसा होणार?

पाण्याची कठीणता मोजण्याचा प्रयोग घ्या. मोमीनपुऱ्यातल्या मुलीने घरच्या बोअरचे पाणी आणले आणि तिची तीन रीडिंग जुळली नाहीत. न शिकलेला सहायक म्हणेल, "शेजारणीचे पाहून लिही." शिकलेला विचारेल, "लालसर रंग पूर्ण निळा झाला तेव्हा थांबलीस की आधीच? ब्युरेट वाचताना नजर कुठे होती?" संशोधन या दुसऱ्या वाक्यापासून सुरू होते. असे प्रश्न विचारणे हे कौशल्य आहे, ते शिकवावे लागते.

दुसरी गोष्ट भाषेची. मराठी शाळेतली 'घनता', उर्दू शाळेतली 'कसाफत' आणि कॉलेजातली 'डेन्सिटी' एकच, हे कोणी सांगत नाही. मूल गप्प बसते आणि आपण त्याला कच्चे ठरवतो. प्रशिक्षणात हा धडा हवाच.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार प्रत्येक पीएच.डी. विद्यार्थ्याने आपल्या विषयाच्या अध्यापनाचे किंवा लेखनाचे प्रशिक्षण घेणे आवश्यक आहे. त्याला आठवड्याला 4 ते 6 तास प्रयोगशाळा, ट्युटोरियलचे कामही देता येते. "त्यांना वेळ कुठे आहे?" असे म्हणणाऱ्यांनी हे वाचावे. कागद तयार आहे, त्यात जीव ओतायचा आहे. दोन व्याख्याने आणि एक प्रमाणपत्र एवढ्यावर भागवू नका. बी.एड.सारखे सराव पाठ घ्या, कोणीतरी मागे बसून निरीक्षण करा.

आपल्या अनेक मुलींना शिकायला नागपूरबाहेर पाठवले जात नाही. ते योग्य की अयोग्य, हा वेगळा विषय. पण त्यांच्यासाठी संशोधनाचे दार उघडेल ते याच शहरातल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत. त्या दाराशी उभा असलेला माणूस तयार हवा. पालकांनो, प्रवेश घेताना फीसोबत हेही विचारा: प्रयोगशाळेत आमच्या मुलीला शिकवणार कोण, आणि त्याला कोणी शिकवले?