कठडा कोणी बांधायचा? अग्निप्रतिबंधक नियम आणि आपली जबाबदारी

२३ एप्रिल २०२१ ची पहाट वसई धर्मप्रांतातील भाविक सहजासहजी विसरणार नाहीत. विरारमधील एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि कोरोनावर उपचार घेत असलेले १३ रुग्ण त्या एकाच दिवशी मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात १० बालके दगावली होती. त्या घटनेनंतर राज्यातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी करण्याचे आदेश निघाले होते. तरीही मार्चमध्ये भांडुप येथे, एप्रिलमध्ये विरार येथे आणि ६ नोव्हेंबरला अहमदनगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर येथील जिल्हा रुग्णालयात रुग्ण आगीत बळी पडले. अहमदनगरच्या आगीत ११ जणांचा अंत झाला.

अशा प्रत्येक दुर्घटनेनंतरचा क्रम आता आपल्या परिचयाचा झाला आहे. श्रद्धांजली वाहिली जाते, मदत जाहीर होते, चौकशी समिती नेमली जाते आणि तपासणीचे नवे फर्मान सुटते. काही महिन्यांत सारे शांत होते. या पार्श्वभूमीवर एक साधा प्रश्न विचारणे क्रमप्राप्त आहे. आपल्याकडे आगीपासून संरक्षण देणारे नियम नाहीत काय?

नियम आहेत आणि ते पुरेसे स्पष्टही आहेत. ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ हा कायदा आणि त्याखालील २००९ चे नियम राज्यात लागू आहेत. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीतील चौथा भाग संपूर्णपणे अग्निसुरक्षेला वाहिलेला आहे. राज्याच्या कायद्यातील सर्वांत महत्त्वाची तरतूद मात्र सर्वसामान्यांना क्वचितच ठाऊक असते. ज्या इमारतींना हा कायदा लागू होतो, तेथे आगप्रतिबंधक व्यवस्था करण्याची आणि ती सदैव चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकावर किंवा भोगवटादारावर, म्हणजे तिचा प्रत्यक्ष वापर करणाऱ्यावर, टाकलेली आहे. ही व्यवस्था सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र त्याने वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै महिन्यांत, अग्निशमन अधिकाऱ्याकडे सादर करावयाचे असते. अधिकाऱ्याला तपासणी करण्याचा, नोटीस देण्याचा आणि धोका तातडीचा असल्यास इमारत रिकामी करून घेण्याचा अधिकार आहे. परंतु पहिले कर्तव्य मालकाचे आहे. आग लागल्यावर धावून येणे हे अग्निशमन दलाचे काम, आणि ती लागू नये व लागलीच तर माणसे सुखरूप बाहेर पडावीत याची तजवीज करणे हे आपले काम, अशी ही विभागणी आहे.

पवित्र शास्त्राच्या वाचकांना हे तत्त्व नवे वाटू नये. अनुवाद ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात एक लहानसा नियम आहे. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा. तो न केल्यामुळे कोणी खाली पडून मेला तर त्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल, असा त्याचा आशय आहे. निर्गम ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायातील दुसरा नियम तर विस्तवाविषयीच आहे. कोणी पेटवलेली आग काटेकुटे धरून पसरली आणि शेजाऱ्याचे धान्य जळाले, तर ज्याने आग पेटवली त्याने भरपाई करावी, असे मोशेचे नियमशास्त्र सांगते. दोन्ही ठिकाणी हेतू वाईट नव्हता ही सबब पुरेशी मानलेली नाही. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथातही पाचव्या आज्ञेचे विवेचन करताना, गंभीर कारणाशिवाय दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे नैतिकदृष्ट्या निषिद्ध आहे, असे शिकवले आहे. ‘खून करू नकोस’ ही आज्ञा अशा रीतीने आपल्या जिन्यापर्यंत आणि मीटरच्या पेटीपर्यंत येऊन पोहोचते.

प्रथम घराचा विचार करू. आपल्या गृहसंकुलांतील जिना ही आगीच्या वेळची एकमेव सुटकेची वाट असते. त्याच जिन्यात चपलांची कपाटे, जुन्या सायकली आणि मोडके सामान ठेवलेले आढळते आणि गच्चीच्या दाराला कायमचे कुलूप असते. आगीत अनेकांचा मृत्यू ज्वाळांनी होण्यापूर्वी धुराने होतो. अंधारात, धुरात, अडखळत उतरणाऱ्या वृद्धाला ती सायकल प्राणघातक ठरते. स्वयंपाकघरातील गॅसच्या नळीवर तिची मुदत छापलेली असते, पण ती किती जणांनी वाचली आहे? हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो. म्हणून वास येताच रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेचे कोणतेही बटण चालू अथवा बंद करू नये आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे. काळाबरोबर नवे धोकेही घरात आले आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईतच, घरात चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटरच्या बॅटरीचा पहाटे स्फोट होऊन सात वर्षांचा एक मुलगा भाजला आणि पुढे दगावला. सर्व झोपेत असताना, घराच्या दाराजवळ अशी बॅटरी चार्जिंगला ठेवू नये, एवढा बोध तरी आपण त्या बालकाच्या मृत्यूतून घ्यावयास हवा.

व्यवसायांच्या बाबतीत प्रश्न अधिक गंभीर आहे, कारण तेथे मालक एक असतो आणि जीव दुसऱ्याचा जातो. डिसेंबर २०१६ मध्ये पुण्यातील कोंढवा येथे एका बेकरीला रात्री आग लागली. आत झोपलेले ६ कामगार बाहेर पडू शकले नाहीत, कारण दुकानाला बाहेरून कुलूप होते. पुढच्याच वर्षी १८ डिसेंबरला साकीनाक्याच्या फरसाणच्या कारखान्यात १२ कामगार मरण पावले आणि २९ डिसेंबरला लोअर परळच्या कमला मिल आवारातील उपाहारगृहांच्या आगीत १४ जणांचा बळी गेला. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यातील हडफडे येथील नाइट क्लबच्या आगीत २५ जण मृत्यू पावले. त्यांत तेथे राबणाऱ्या कर्मचाऱ्यांची संख्या मोठी होती.

वसई पूर्वेच्या औद्योगिक पट्ट्यात आपल्यापैकी काहींचे गाळे आहेत. ते भाड्याने दिलेले असतात आणि परप्रांतातून आलेले कामगार रात्री तेथेच माळ्यावर झोपतात. भाडे वेळेवर आले की मालकाची चौकशी संपते. आत कोणते रसायन साठवले आहे, दुसरे दार उघडते की नाही, रात्री किल्ली कोणाकडे असते, हे प्रश्न आपण भाडेकरूला कधी विचारले आहेत काय? श्रमिकांच्या सन्मानावरील ख्रिस्तसभेची शिकवण आपण १ मे रोजी, श्रमिक संत योसेफाच्या सणाला ऐकतो. त्या शिकवणीची परीक्षा या गाळ्यांच्या दारात होते.

आपल्या संस्थाही या कसोटीतून सुटत नाहीत. १ डिसेंबर १९५८ रोजी अमेरिकेतील शिकागो शहरात ‘अवर लेडी ऑफ द एंजल्स’ या कॅथलिक शाळेला आग लागली आणि ९२ विद्यार्थी व ३ धर्मभगिनी मरण पावल्या. काही आठवड्यांपूर्वीच ती शाळा अग्निशमन विभागाच्या नेहमीच्या तपासणीत उत्तीर्ण झाली होती. इमारत जुनी असल्यामुळे नवे कडक नियम तिला लागू नव्हते. धोक्याची घंटाही अग्निशमन केंद्राला जोडलेली नव्हती. कागद निर्दोष होता, जिना मात्र धुराने भरला. आपल्या देशात १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या गवती छपराने पेट घेऊन ९४ मुले गेली. त्या दुर्घटनेच्या अनुषंगाने सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये, सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असा निर्णय दिला आणि प्रत्येक शाळेत अग्निशामक साधने व ती वापरण्याचे प्रशिक्षण असावे, असे बजावले.

नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला किंवा ईस्टरच्या जागरणविधीला चर्चमध्ये पाऊल ठेवायला जागा नसते. मधल्या वाटेत जादा बाके येतात, बाहेर कापडी मंडप चर्चला चिकटून उभा राहतो आणि बाजूचे दार गर्दी आवरण्यासाठी बंद केले जाते. त्याच वेळी शेकडो हातांत पेटत्या मेणबत्त्या असतात. आजवर काही झाले नाही, हा देवाचा आशीर्वाद खरा. पण त्या आशीर्वादाच्या भरवशावर दाराला कुलूप लावण्याचा अधिकार आपणास नाही.

मोकळ्या जागांविषयीही आपण बेफिकीर आहोत. वाडीतील पालापाचोळा आणि त्यासोबत प्लास्टिक पेटवून देणे, ही अनेकांची सकाळची सवय आहे. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई करून साध्या प्रकरणी ५,००० रुपये व मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली. राखीव वनात आग लावणे हा १९२७ च्या वन अधिनियमानुसार गुन्हा आहे, तरीही उन्हाळ्यात डोंगरउतारावरील सुके गवत पेटलेले दिसते. पूर्वी राब भाजताना शेतकरी वाऱ्याची दिशा पाहत आणि विस्तव विझेपर्यंत बांधावर थांबत. तो विवेक आपण गमावत आहोत. वर्षअखेरीस ‘म्हातारा’ जाळणाऱ्या तरुणांनी आणि नाताळच्या रात्री फटाके लावणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. फटाक्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नाताळ व नववर्षाच्या रात्री ११.५५ ते १२.३० एवढाच अवधी ठरवून दिला होता.

जबाबदारी केवळ नागरिकांचीच आहे, असे मात्र नव्हे. अनधिकृत इमारती डोळ्यांदेखत उभ्या राहतात आणि तेथे राहणाऱ्या गरीब कुटुंबांच्या हाती सुरक्षिततेचे फारसे काही उरत नाही. लोकवस्तीच्या प्रमाणात अग्निशमन केंद्रे, मनुष्यबळ आणि रस्त्यावरील पाण्याचे नळ उपलब्ध करणे हे महानगरपालिकेचे कर्तव्य आहे आणि त्याचा जाब आपण विचारलाच पाहिजे. पण जाब विचारणाऱ्याने आपल्या गल्लीकडेही पाहावे. दुतर्फा वाहने लावून आपण बंबाची वाट अडवतो. आपल्या पूर्वजांनी खोदलेली बावखले बुजवून, संकटकाळी हाताशी असणारे पाणीही आपण नाहीसे केले आहे.

दरवर्षी १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. १९४४ साली याच दिवशी मुंबई बंदरात ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवण्यास गेलेले ६६ जवान कामी आले. कापसाच्या गाठी आणि स्फोटके एकाच जहाजात भरण्याची चूक त्यांनी केली नव्हती; तिची किंमत मात्र त्यांनी मोजली.

प्रत्येक धर्मग्राम परिषदेने तीन गोष्टी हाती घ्याव्यात, अशी विनंती आहे. चर्च, शाळा व सभागृह यांची पाहणी सणाच्या गर्दीपूर्वी करावी आणि विधी चालू असेपर्यंत सर्व दारे उघडी राहतील यासाठी स्वयंसेवक नेमावेत. अग्निशमन दलाच्या जवानांना एका रविवारी बोलावून साधने कशी वापरावीत हे शिकून घ्यावे. आणि लघु ख्रिस्ती समूहांनी एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी जाऊन गॅसची नळी व विजेच्या जोडण्या तपासून घ्याव्यात. १०१ आणि ११२ हे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावून द्यावेत. यास फारसा खर्च नाही. कठडा बांधण्याचे काम घर उभे असतानाच करावयाचे असते.