खुराड्याचे पथ्य

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरी कोंबड्या आहेत का? नसतील, तर शेजारी नक्की असतील. बिबवेवाडी हे एके काळी पुण्याबाहेरचे खेडे होते. आज तेथे उंच इमारती आहेत, रुंद रस्ते आहेत, जवळच गुलटेकडीचे मोठे मार्केट यार्ड आहे. पण टेकडीच्या उतारावरच्या दाट वस्तीत जा. भल्या पहाटे कोंबडा आरवलेला ऐकू येईल. कोणाच्या जिन्याखाली, कोणाच्या दाराशेजारी, तर कोणाच्या पत्र्यावर लहानसे खुराडे दिसेल.

मी अशाच एका गल्लीत काही वर्षे राहिलो. आमच्या शेजारी एक खाला राहत. त्यांच्याकडे अकरा कोंबड्या होत्या. त्या रोज त्यांना दाणे घालत, वेळेवर कोंडत, आजारी पिलाला पदराखाली ऊब देत. अंडी विकून त्या मुलांच्या वह्या आणत. एकदा बाजारात त्यांना दोन कोंबड्या फार स्वस्त मिळाल्या. त्याच संध्याकाळी त्यांनी त्या दोघींना आपल्या खुराड्यात सोडले.

पाच-सहा दिवस गेले. एक कोंबडी पंख पाडून कोपऱ्यात उभी राहिली. तिची शीट हिरवट झाली. दुसरी चोच उघडून श्वास घेऊ लागली. तिसरीची मान वाकडी झाली. आठवड्याभरात बाजारच्या दोघी आणि घरच्या सात मेल्या. उरलेल्या चार वरून धडधाकट दिसत होत्या. कोणीतरी सल्ला दिला, "खाला, आजच विकून टाका. नाहीतर याही जातील." खालांनी त्या विकल्या. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या दोन घरांनी त्या घेतल्या. पंधरा दिवसांत आमच्या गल्लीतली बहुतेक खुराडी रिकामी झाली.

खाला वाईट नव्हत्या. त्या पुढे मला म्हणाल्या, "भाई, मला कोणी आधी सांगितले असते तर!" ते शब्द मी विसरलो नाही. म्हणून आज मी तुम्हाला आधी सांगतो आहे.

माझे मत सरळ आहे. शहरातल्या माणसाने कोंबड्या जरूर पाळाव्यात. घरात अंडी मिळतात, घरातल्या बाईच्या हाती चार पैसे येतात, उरलेले अन्न वाया जात नाही. पण दाट वस्तीत कोणाचेही खुराडे एकट्याचे नसते. माणसे भिंती बांधून वेगळी राहतात. रोगाला भिंत नसते. गल्लीतल्या सगळ्या कोंबड्या मिळून एकच कळप असतो. म्हणून खुराड्याची काळजी घेणे हे शेजारधर्माचे काम आहे.

खालांच्या कोंबड्यांमध्ये जी लक्षणे दिसली, ती राणीखेत या रोगाची आहेत. आपल्याकडे त्याला मानमोडी असेही म्हणतात. राणीखेत हे आजच्या उत्तराखंडातील एक थंड हवेचे ठिकाण आहे. १९२० ते १९३० या दशकात आपल्या देशात हा रोग तेथे ओळखला गेला, म्हणून त्याला ते नाव मिळाले. त्याच दशकात तो इंग्लंडमधील न्यूकॅसल या शहराजवळही आढळला. म्हणून जगात अनेक ठिकाणी त्याला न्यूकॅसलचा रोग म्हणतात. हा रोग विषाणूमुळे होतो. एकदा तो जडला की त्यावर औषध नाही. मात्र तो होऊ नये म्हणून लस आहे, आणि काही सवयी आहेत.

आजारी माणसाला वैद्य पथ्य सांगतात. उर्दूत आपण त्याला परहेज म्हणतो. खुराड्यालाही पथ्य असते. ते आजार आल्यावर नव्हे, तर आजार येण्याच्या आधी पाळायचे असते.

पहिले पथ्य पायांचे. रोग खुराड्यात कसा शिरतो? पुष्कळदा तो आपणच नेतो. तुम्ही मटण-कोंबडीच्या दुकानात जाता किंवा दुसऱ्याच्या कोंबड्या पाहायला जाता. तेथली शीट तुमच्या चपलेला चिकटते. त्याच चपलेने तुम्ही घरच्या खुराड्यापाशी येता. एवढे पुरे होते. म्हणून खुराड्यासाठी एक जुनी चप्पल वेगळी ठेवा. ती घालून बाहेर जाऊ नका.

दुसरे पथ्य हातांचे. कोंबड्यांना हात लावण्याआधी आणि लावल्यावर साबणाने हात धुवा. राणीखेतच्या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचे पातळ वेष्टन असते. साबणाने ते फुटते आणि विषाणू निकामी होतो. हात धुण्यात तुमचाही फायदा आहे. धडधाकट कोंबडीच्या आतड्यातही साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. कोंबडीला काही होत नाही, पण माणसाला ताप आणि जुलाब होतात. लहान भावंडे पिलांचे मुके घेतात. त्यांना प्रेमाने थांबवा.

तिसरे पथ्य नव्या पाहुण्यांचे. बाजारातून आणलेली कोंबडी कितीही चांगली दिसली, तरी तिला लगेच कळपात सोडू नका. निदान तीन आठवडे तिला वेगळ्या डालग्याखाली, दूर ठेवा. आधी घरच्या कोंबड्यांना दाणापाणी द्या, मग नवीला. भांडीही वेगळी ठेवा. रोग अंगात शिरल्यावर लक्षणे दिसायला काही दिवस लागतात. तेवढे दिवस थांबले तर रोग आपोआप उघड होतो. २०२० साली करोनाच्या साथीत पुण्यातल्या कितीतरी गल्ल्या पत्रे लावून बंद केल्या होत्या. तुम्ही तेव्हा लहान होता, पण घरच्यांनी त्या दिवसांच्या गोष्टी सांगितल्या असतील. खुराड्यातही त्याच नियमाने काम होते.

चौथे पथ्य दाणापाण्याचे. दाणे उघडे टाकले की कावळे, कबुतरे, चिमण्या आणि उंदीर जमतात. ते चार घरांचे अन्न खातात आणि चार घरांचा रोग वाहतात. म्हणून लागेल तेवढेच दाणे घाला. बाकीचे झाकणाच्या डब्यात ठेवा. पाणी रोज बदला. खुराड्याला बारीक जाळी लावा.

पाचवे पथ्य स्वच्छतेचे. येथे पुष्कळ जण एक चूक करतात. शीट तशीच असते आणि तिच्यावर चुना किंवा जंतुनाशक टाकतात. घाणीच्या थराखाली जंतू सुरक्षित राहतात. आधी खरवडा, मग साबणाच्या पाण्याने धुवा, उन्हात वाळवा, आणि शेवटी औषध वापरा. डालगे, पाण्याचे भांडे, अंड्यांचे पुठ्ठे शेजाऱ्यांना उसने देऊ नका आणि त्यांचे घेऊ नका. साखर उसनी द्यावी, डालगे देऊ नये!

आता लसीविषयी. राणीखेतच्या लसीचा पहिला थेंब पिलाच्या डोळ्यात किंवा नाकात पहिल्या आठवड्यातच घालतात. पुढे ठरलेल्या वेळी पुन्हा लस द्यावी लागते. पुण्यातच औंध येथे जनावरांच्या आणि कोंबड्यांच्या लसी तयार करणारी सरकारी संस्था आहे. मग लोक लस का देत नाहीत? एक अडचण खरी आहे. लसीची एक कुपी सहसा शंभर किंवा त्याहून जास्त कोंबड्यांसाठी असते. ती बर्फात ठेवावी लागते. एकदा विरघळवली की सुमारे दोन तासांत संपवावी लागते. पाच कोंबड्यांसाठी कोण एवढी खटपट करील? उपाय एकच. साऱ्या गल्लीने मिळून एक दिवस ठरवावा, पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे आणि सगळ्यांच्या कोंबड्यांना एकाच दिवशी लस द्यावी. एका घराला जे महाग पडते, ते वीस घरांना स्वस्त पडते.

काही जण म्हणतील, "हे सारे मोठ्या पोल्ट्रीवाल्यांनी करावे. आमच्या दोन-चार कोंबड्यांसाठी एवढे कशाला?" त्यांना मी आपल्याच राज्यातली एक घटना सांगतो. २००६ सालच्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू आढळला. भारतातील कोंबड्यांमध्ये हा रोग निश्चित झाल्याची ती पहिलीच वेळ होती. साथ पसरू नये म्हणून तेथे लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. मोठ्या फार्मच्या कोंबड्या मारल्या, तशा आजूबाजूच्या घरांतल्याही मारल्या. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातील काही गावांत हा रोग आढळला. तेथे तो परसातल्या, म्हणजे घरोघरच्या कोंबड्यांमध्ये होता. २०२१ सालच्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे सुमारे ८०० कोंबड्या मेल्या. तपासणीत बर्ड फ्लूच निघाला.

साथ आली की अधिकारी नकाशावर एक वर्तुळ आखतात. त्या वर्तुळात आजारी आणि निरोगी असा भेद उरत नाही. ज्या बाईने सगळी पथ्ये पाळली, तिच्याही कोंबड्या जातात. सरकार भरपाई देते, पण रोज दाणे टिपायला धावत येणारी कोंबडी भरपाईत मिळत नाही. एकाच्या निष्काळजीपणाची शिक्षा अशी सगळ्यांना होते.

आता सर्वांत अवघड पथ्य सांगतो. ते खरे बोलण्याचे आहे. एकाएकी दोन-तीन कोंबड्या मेल्या तर लपवू नका. उरलेल्या विकू नका, कोणाला भेटही देऊ नका. मेलेली कोंबडी ओढ्यात किंवा कचराकुंडीत फेकू नका. कुत्री आणि कावळे ती ओढत नेतात आणि रोग दूरवर पोहोचवतात. उघड्या हाताने तिला शिवू नका. मोठ्यांना सांगा. त्यांनी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे, किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करावा, आणि डॉक्टर सांगतील तसे करावे. २००९ सालच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे राणीखेत आणि बर्ड फ्लू यांसारखे रोग कळवणे हे मालकाचे कर्तव्यच आहे. पण कायदा नसता, तरी मी हेच सांगितले असते. आजारी कळपातली कोंबडी शेजाऱ्याला विकून चार पैसे वाचतात. शेजाऱ्याचे मात्र सारे खुराडे जाते, आणि त्याचा आपल्यावरचा विश्वासही जातो.

लोक का लपवतात, हेही समजून घ्या. त्यांना नुकसानीची भीती असते. शेजारी बोल लावतील, याचीही भीती असते. म्हणून ज्याच्या घरी रोग आला, त्याला दोष देऊ नका. जो खरे सांगतो, त्याचे आभार माना. त्याने तुमच्या कोंबड्या वाचवल्या आहेत. आमच्या खालांना गल्लीने असा धीर दिला असता, तर कदाचित त्या चार कोंबड्या त्यांनी विकल्या नसत्या.

विद्यार्थी मित्रांनो, घरात कोंबड्यांना दाणे घालण्याचे, अंडी गोळा करण्याचे काम बहुधा तुमच्याकडेच असते. म्हणून खुराड्याचे खरे राखणदार तुम्हीच आहात. आज घरी गेल्यावर एवढेच करा. खुराड्याशेजारी एक जुनी चप्पल आणि साबणाची वडी ठेवा. अम्मी विचारतील, "हे कशाला?" तेव्हा त्यांना या खालांची गोष्ट सांगा. त्या ऐकतील. आणि मग शेजारच्या घरीही ती सांगून या. जाताना मात्र खुराड्याची चप्पल घालून जाऊ नका!