प्रथम भाषा: इंग्रजी

मुलीला सहावीत पुण्यातल्या एका आंतरराष्ट्रीय शाळेत घालायचं ठरलं, तेव्हा आम्हा दोघांनाही ‘इंटरॅक्शन’साठी बोलावणं आलं. प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची चाचणी घ्यायला २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या तेराव्या कलमाने बंदी आहे. म्हणून चाचणीला चाचणी म्हणत नाहीत, एवढंच. फॉर्मवर ‘प्रथम भाषा’ अशी चौकट होती. मी ‘मराठी’ लिहिलं. समोरच्या बाई अगदी आपुलकीने म्हणाल्या, “तुम्ही दोघंही इतकं छान इंग्रजी बोलता, मग इंग्रजीच लिहा ना. नाहीतर तिला इंग्रजीच्या जादा तासांना बसवावं लागेल.” जादा तासांची फी वेगळी.

मी ‘मराठी’ खोडलं. तौलनिक साहित्यात एम.ए. केलेल्या, अनुवादावर पोट भरणाऱ्या बाईने खोडलं. हे आधीच सांगून टाकते, कारण शाळेला जे सुनावणार आहे त्यातलं अर्धं माझ्याही वाट्याचं आहे.

आता ती अकरावीत, आयबी डिप्लोमाला आहे. या अभ्यासक्रमाशी माझं भांडण नाही; उलट असा आम्हाला का मिळाला नाही, असंच वाटतं. साहित्य विषयात स्टँडर्ड लेव्हलला नऊ कृती वाचायच्या, त्यांतल्या किमान तीन अनुवादित. अनुवादकाला शाळेत एवढा मान सहसा मिळत नाही. शिवाय मातृभाषेतलं साहित्य घेण्याची सोय आहे. त्या भाषेचा शिक्षक नसेल, तर शाळेच्या मदतीने विद्यार्थी स्वतः अभ्यास करून परीक्षा देऊ शकतो. म्हणून इंग्रजी सोडावं लागतं असंही नाही: दोन्ही भाषांतलं साहित्य घेऊन उत्तीर्ण होणाऱ्याला द्विभाषिक डिप्लोमा मिळतो.

यातलं एक अक्षरही आम्हाला इंटरॅक्शनच्या दिवशी सांगितलं नव्हतं. पोहण्याचा तलाव मात्र दाखवला.

“पालकांनाच मातृभाषा नको असते,” हे शाळांचं ठरलेलं उत्तर. अनेकांना नको असते, खरं आहे. पण जे कधी पुढ्यात ठेवलंच नाही ते नाकारलं कसं म्हणायचं? चेन्नईत, कोलकात्यात अशा चौकटीत आपली भाषा लिहून मग खोडणारे माझ्यासारखे किती असतील, हे या नियतकालिकाच्या वाचकांनी आपापल्या घरात विचारून बघावं.

मुलीने यंदा स्वतःहून विचारलं, मराठी साहित्य घेऊ का? शाळा म्हणाली, नोंदीत प्रथम भाषा इंग्रजी आहे. मी भांडायला निघाले होते, तेवढ्यात तीच म्हणाली, “राहू दे आई, मला जमणार नाही.” २०२०च्या कायद्याने महाराष्ट्रात दहावीपर्यंत मराठी सक्तीची आहे, त्यामुळे तास झाले. पाच वर्षं ‘माझा आवडता सण’ आणि रिकाम्या जागा भरा. एक अख्खी कथा कुणी वाचायला दिली नाही. हीच मुलगी काफ्काच्या निवेदकावर इंग्रजीत दीड हजार शब्द लिहिते. मराठीत तिला सहा वर्षांचीच ठेवली आणि इंग्रजीत सोळाची केली.

परवा तिने मी इंग्रजीत आणलेला एक मराठी कथासंग्रह वाचून संपवला. तिला आवडला. मूळ पुस्तक त्याच कपाटात, शेजारीच असतं. ते तिने काढलं, पहिलं पान उघडलं आणि माझ्याकडे दिलं. म्हणाली, “तू वाचून दाखव.”