प्रेशर आहे यार!

ऑफिसात हल्ली कुणालाही ‘काय चाललंय?’ विचारा, उत्तर ठरलेलं. ‘प्रेशर आहे यार!’ माझं गेल्या महिन्यात उलटं झालं. माझ्या गाडीत प्रेशर कमी पडत होतं आणि मला ते वाढवून हवं होतं.

गाडी म्हणजे २००४ ची एस्टीम. आधीच्या मालकाने हेडर आणि मोकळा एअर फिल्टर बसवलेला. आवाज असा, की सोसायटीतले काका अजून वळून बघतात. रागाने! पण त्या दिवशी मुंबईहून येताना, कसारा घाटात, साडेचार हजार आरपीएमच्या पुढे बाईसाहेब धापा टाकायला लागल्या. माझं निदान तयार होतं. हवा जास्त जातेय, पेट्रोल पुरत नाहीये. मग काय, फ्युएल प्रेशर वाढवा! घरी पोचायच्या आत मोबाईलवरून ॲडजस्टेबल रेग्युलेटर मागवूनसुद्धा झाला.

थिअरी सोपी आहे. इंजेक्टर म्हणजे विजेवर चालणारा नळ. ईसीयू सांगेल तितके मिलिसेकंद तो उघडा राहतो. सहा हजार आरपीएमला क्रँकच्या दोन फेऱ्या होतात अवघ्या २० मिलिसेकंदांत. नळ त्याहून जास्त वेळ उघडा ठेवणार कसा? म्हणून एक तर मोठे इंजेक्टर घाला, नाहीतर मागून प्रेशर वाढवा. मेख अशी, की पेट्रोलचा प्रवाह वाढतो तो प्रेशरच्या वर्गमुळाच्या हिशेबाने. ३ बारचे ४ केले, तर पेट्रोल जेमतेम १५ टक्के जास्त. प्रेशर दुप्पट केलं तरी ४१ टक्केच! (हे वाक्य बॉसच्या केबिनबाहेर चिकटवायला हरकत नाही.) वर प्रेशर वाढलं की पंपाचा दम कमी होतो, तो वेगळाच.

रेग्युलेटर आला. मी कौतुकाने तो बाबांना दाखवला. बाबांची सगळी नोकरी सातपूरला मायकोत, म्हणजे आताच्या बॉशमध्ये, डिझेलचे नोझल तपासण्यात गेली. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि विचारलं, “चारही सारखं टाकतात का?”

“म्हणजे?”

“म्हणजे, मोजलंस का?”

मोजलं नव्हतं!

रविवारी द्वारकेजवळच्या गॅरेजात चाचांनी चारही इंजेक्टर काढून टेस्ट बेंचवर लावले. खाली काचेच्या चार नळ्या. तीन नळ्यांत पातळी एका रेषेत, तिसऱ्या नंबरची मात्र बोटभर खाली. “बेटा, हा चोकअप आहे,” चाचा म्हणाले.

आता गंमत बघा. सायलेन्सरच्या पाइपातला ऑक्सिजन सेन्सर चौघांची सरासरी बघतो. एक उपाशी, तिघं थोडे जास्त जेवलेले, की सरासरी ओके! पाय पूर्ण दाबला की ईसीयू सेन्सरचंही ऐकत नाही, आपल्या ठरलेल्या कोष्टकावर चालतो. मी नुसतं प्रेशर वाढवलं असतं, तर ते तिघं पेट्रोलात बुडाले असते, प्लग काळे, पीयूसी फेल. तिसरा तरीही सगळ्यांच्या मागेच. आणि फुल लोडवर पेट्रोल कमी मिळालेला सिलिंडर तापतो, नॉक करतो. वेळ आली तर पिस्टनला भोक!

इंजेक्टर अल्ट्रासॉनिकमध्ये साफ केले, सील बदलले. चारही नळ्या एका रेषेत आल्या. पुढच्या खेपेला कसारा घाट गाडीने गुणगुणत चढला.

तरीही कुणाला खाज असेलच, तर क्रम लक्षात ठेवा. आधी इंजेक्टर मोजा. मग प्रेशर गेज लावा, वाइडबँड लॅम्डा मीटर लावा, ईसीयूचा मॅप बदलून घ्या आणि डायनोवर, अर्ध्या-अर्ध्या बारने, पुढे सरका. साध्या पेट्रोल इंजिनला फुल थ्रॉटलवर हवा-पेट्रोलचं प्रमाण साधारण साडेबारा-तेराला एक हवं. कानाने हे कळत नाही. आणि हा खेळ ट्रॅकवरच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात बेकायदा बदलासाठी गाडीमालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड आहे, दोन्हीही होऊ शकतं. मी जुना सायलेन्सर परत बसवायला दिलाय. काका खूश.

सोमवारी ऑफिसला गेलो. प्रोजेक्ट लेट, माझी टीम चौघांची. ‘आठवडाभर सगळ्यांनी दोन तास जास्त थांबा’ असा मेल मी शुक्रवारीच लिहून ठेवला होता. पाठवायच्या आधी चौघांना एकेकटं गाठून चहा पाजला. तिसरा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “सर, आई दहा दिवस ॲडमिट आहे. रात्री मीच असतो तिथे.”

मेल डिलीट केला. रेग्युलेटर अजून खोक्यातच आहे.