गाडी उलार झाली, दोष कोणाचा?



गेल्या लग्नसराईत दारव्ह्याहून परतत होतो. घरचीच जुनी बोलेरो. सात जणांच्या गाडीत अकरा माणसे, पाठीमागे ज्वारीची दोन पोती आणि टपावर गाद्या, भांडी, पेट्या. एका वळणावर मागची बाजू अशी डुलली की आतल्या म्हाताऱ्यांनी देवाचे नाव घेतले. स्टेअरिंग हातात असून नसल्यासारखे झाले होते. समोरून ट्रक येत होता. वाचलो, एवढेच.

दुसऱ्या दिवशी गॅरेज गाठले. मिस्त्रीने गाडीखाली न वाकता निदान केले, "मागे एकेक पाटा वाढवा, चारही शॉकअप बदला, टायर रुंद टाका." अंदाज बावीस हजारांचा. किती क्विंटल कापूस झाला, हा हिशोब ज्याने त्याने आपल्या भावाने घालावा.

घरी वडिलांना सांगितले. उभा जन्म बैलगाडी हाकलेला माणूस. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "गाडी उलार होती का?"

बंधूंनो, निदान तिथेच झाले. बैलगाडीत ओझे आखाच्या मागे गेले की जू वर उचलले जाते, हे आपल्यातल्या पोराला कळते. मोटारीचेही तेच आहे. मागच्या आखाच्या पाठीमागे पोती टाकली की पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो आणि स्टेअरिंग हलके पडते. टपावर ओझे चढवले की गाडीचा तोल वर जातो आणि वळणावर ती कलते. यात इंजिनिअरने सांगावे असे काय आहे?

मग स्वतः तपासायला बसलो. हवा मोजली तर मागच्या एका चाकात २४ पौंड, दुसऱ्यात ३८! रिमच्या आतल्या बाजूला काळ्या मातीचा थर वाळून दगड झालेला. ६०-७० च्या वेगाला स्टेअरिंग थरथरत होते, त्याचे कारण हेच. चाकाला एका बाजूने माती चिकटली की चाकाचा तोल जातो. माती खरवडली, हवा पुस्तिकेप्रमाणे केली, पोती मधल्या सीटजवळ घेतली, टप रिकामा केला. मागचा एक शॉकअप मात्र खरोखर तेल गाळत होता. मागची जोडी बदलली. बावीस हजारांचे काम तेवढ्यावर भागले.

मुद्दा पैशाचा आहेच, पण त्याहून मोठा आहे. आपले बापजादे आखाला वंगण घालत, धाव सैल झाली की नुसत्या आवाजावरून ओळखत. आपण गाडी विकत घेतली आणि तिच्यापुरती अक्कल गहाण टाकली. खाली वाकून बघायचीही लाज वाटू लागली.

आपल्या हातची कामे कोणती? हवा पंधरवड्याला आणि लांबच्या प्रवासाआधी, गाडी थंड असताना मोजावी. पंक्चरवाल्याच्या अंदाजावर सोडू नये. किती हवी ते पुस्तिकेत असते, पुष्कळ गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवरही असते. हवा कमी असेल तर टायर दोन्ही कडांनी झिजतो आणि तापून फुटतो. जास्त असेल तर मधोमध झिजतो आणि पकड सोडतो. एकाच कडेने झिजत असेल तर चाकांची अलाइनमेंट चुकली आहे. टायर वाचता येणे हे पीक वाचता येण्यासारखेच आहे. धुळीच्या दिवसांत एअर फिल्टर काढून पाहावा. डिझेल फिल्टरमध्ये साचलेले पाणी पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे काढावे. पाट्यांचे यू-बोल्ट आणि रबरी बुश दर महिन्याला नजरेखालून घालावेत. चाक बदलले तर नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत.

कोणी म्हणेल, "कापूस भरायचा तर पाटा वाढवलाच पाहिजे." पाटा वाढवल्याने गाडीचा मागचा भाग वर उचलला जातो, पण ब्रेक, आख आणि टायर तेवढेच राहतात. ओझे ओढण्याची ताकद वाढत नाही, ओझे दिसेनासे होते. तीच गाडी रिकामी असली की खड्ड्यात उड्या मारते आणि टायर जमीन सोडतो. शिवाय नोंदणीपुस्तकाशी विसंगत फेरफार करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची मनाई आहे. अपघातानंतर विमेवाल्याच्या हाती आयते निमित्त कशाला द्यायचे?

हात कुठे आवरायचा हेही कळले पाहिजे. ब्रेक, एअरबॅग आणि स्टेअरिंगचे सांधे ही जाणत्या मिस्त्रीचीच कामे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. काळ्या जमिनीत जॅक रुततो. त्याखाली जाड फळी द्यावी, चाकांना अटकण लावावी.

आता दुसरी बाजू. स्वतः दुरुस्ती करायची म्हटली तर अस्सल सुटा भाग आणि दुरुस्तीची माहिती मिळाली पाहिजे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांपासून अडवून ठेवली, हा ठपका होता. सुटे भाग खुल्या बाजारात द्या आणि बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी नाकारू नका, असेही आयोगाने बजावले. प्रकरण पुढे अपिलात गेले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'दुरुस्तीचा हक्क' म्हणून पोर्टल उघडले. त्यात मोटारी आहेत तशी शेतीची अवजारेही आहेत. पण पोर्टलने पाना फिरत नाही. सुटा भाग तालुक्याच्या दुकानात आणि दुरुस्तीची पुस्तिका मराठीत मिळेल, तेव्हा हक्क मिळाला म्हणायचे. आज जीपचे जे चालले आहे, तेच उद्या ट्रॅक्टरचे होणार आहे. संगणक बसवलेले यंत्र आपल्या दारात उभे राहील आणि त्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात असेल.

दोष कोणाचा? अर्धा अडवणाऱ्यांचा, अर्धा आपला. त्यांच्याशी भांडायला वेळ लागेल. आपल्या वाट्याचा अर्धा उद्या सकाळी फेडता येतो. गावात चार जणांनी वर्गणी काढून हवा मोजायचे एक मीटर घ्यावे. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक जीपवाल्याने आपल्या चारही चाकांची हवा मोजून यावे. आणि टपावर कोणाला बसवून आणू नये.